छपाईयंत्राच्या पोटातील अक्षरे

चळवळीतल्या माणसाला छापखाना नवा नाही. पत्रक, पुस्तिका, स्मरणिका, विशेषांक असे काही ना काही घेऊन तो आयुष्यात शंभरदा तरी छापखान्याच्या दारात उभा राहिलेला असतो. तरीही यंत्राच्या आत आपल्या अक्षरांचे काय होते हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. मजकूर आपला, कागदाचे पैसे आपण दारोदार फिरून जमवलेले, आणि अक्षरांचा कारभार मात्र परक्याच्या हाती. तो कारभार समजून घ्यावा एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. विषय रूक्ष वाटेल. म्हणून माझी त्याच्याशी गाठ कशी पडली ते आधी सांगतो.

1994 सालची गोष्ट. दुसऱ्या दिवशी शिबिर होते आणि सोळा पानांची पुस्तिका रात्रीतून ऑफसेटवाल्याकडे द्यायची होती. जिल्ह्याच्या गावी एक डी.टी.पी.चे दुकान होते. मजकूर टाइप झाला, आम्ही दोघांनी मुद्रिते तपासली, बटर पेपरवर लेसर प्रिंट काढायला सुरुवात झाली. आठ पाने सुरेख निघाली आणि वीज गेली. संगणक बॅटरीवर होता, तो चालूच राहिला. वीस मिनिटांनी वीज आली, मुलाने उरलेली पाने छापायला पाठवली, आणि नवव्या पानापासून सगळे इंग्रजी! टाइपरायटरसारख्या ठोकळेबाज रोमन अक्षरांत काहीच्या बाही. ज्या पानावर शिक्षणाच्या हक्काविषयीचे टिपण होते, त्या पानाला काडीचा अर्थ राहिला नव्हता. पडद्यावर पाहावे तर तेच पान शुद्ध मराठीत. मुलगा म्हणाला, "सर, फॉन्ट उडाले." आमच्यातले एक शिक्षक म्हणाले, व्हायरस असेल. फॉन्ट उडाले म्हणजे कोठून उडाले, आणि आधी ते कोठे बसलेले होते, हे त्या रात्री आमच्यापैकी कोणालाही सांगता आले नाही.

उत्तर कळायला जुन्या छापखान्यापासून सुरुवात केलेली बरी. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला तो शिशाच्या खिळ्यांनी. लाकडी केसच्या खणांत खिळे मांडलेले असत. जुळारी एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये ओळ जुळवी, ओळी गॅलीत जात, पाने होत, पानांचा फर्मा आवळला जाई. फर्मा छापून झाला की खिळे धुऊन पुन्हा आपापल्या खणांत टाकायचे, कारण पुढच्या फर्म्याला तेच खिळे लागणार. लहान छापखान्यात टाइप बेताचा. एखाद्या लेखात 'ळ' किंवा एखादे जोडाक्षर जास्त आले तर खण रिकामा होई आणि आधीचे पान सुटेपर्यंत काम थांबे. म्हणजे किती अक्षरे जवळ आहेत, ती कोठे ठेवली आहेत आणि ती केव्हा मोकळी होतील, हे तीन प्रश्न छपाईच्या कारभारात तेव्हाही होते. बाबासाहेबांनी भारतभूषण छापखाना उभा केला तो काही हौसेने नव्हे. ज्याच्या केसमध्ये खिळे, त्याच्या हाती छपाईची वेळ.

लेसर प्रिंटरात शिसे नाही, पण हे तिन्ही प्रश्न आहेत. केसच्या जागी तेथे स्मृती आली, म्हणजे मेमरी. तिचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला प्रकार कारखान्यातच कोरून आलेला. वीज असो नसो, त्यातला मजकूर पुसला जात नाही. ह्याला रॉम म्हणतात. ह्यात कोरलेले फॉन्ट ते यंत्राचे रहिवासी फॉन्ट. दुसरा प्रकार पाटीसारखा. लिहावे, पुसावे, पुन्हा लिहावे. पण वीज गेली की पाटी कोरी. ही रॅम. संगणकातून केबलवाटे जे फॉन्ट प्रिंटरात उतरवले जातात, त्यांचा मुक्काम ह्या पाटीवर. त्यांनाच डाउनलोड केलेले फॉन्ट म्हणतात.

ह्युलेट पॅकार्ड कंपनीचा लेसरजेट 1984 साली आला. त्याच्या पोटात कूरियर ह्या टाइपरायटरी वळणाच्या अक्षरांपलीकडे फारसे काही नव्हते. आणखी फॉन्ट हवे असतील तर ते भरलेली डबी, म्हणजे कार्ट्रिज, विकत घेऊन खाचेत बसवायची. बाहेरचा फॉन्ट उतरवून घेण्याची सोय 1985 सालच्या लेसरजेट प्लसमध्ये झाली. मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचे साल 1984 नव्हे, 1985. खाचेत बसवायला रोमन लिपीच्या डब्या होत्या. आपल्याला केबलवाटेच आत शिरायचे होते.

आत जागा किती होती? लेसरजेट प्लसची स्मृती 512 किलोबाइट. आता थोडे गणित करू, ते कठीण नाही. ह्या यंत्रात एका इंचात 300 ठिपके. इंचाचे 72 पॉइंट, म्हणून 12 पॉइंटचे अक्षर साधारण 50 ठिपके उंच. रुंदीही तेवढीच धरली तर एका अक्षराला 2,500 ठिपके, म्हणजे सुमारे 313 बाइट. काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे धरून देवनागरीचे 200 खिळे धरा. झाले साडेबासष्ट किलोबाइट. तेच अक्षर 24 पॉइंटचे केले की उंची दुप्पट, रुंदी दुप्पट, जागा चौपट, म्हणजे 250 किलोबाइट. मजकुराचा एक फॉन्ट, त्याचा ठळक भाऊ आणि मथळ्याचा एक, एवढे तीन आत घेतले की 375 किलोबाइट संपले. काठाचा पांढरा भाग वगळून प्रत्यक्षात ह्यापेक्षा काटकसर होत असे हे खरे. पण हिशेबाची जात हीच. त्या काळचे यंत्र ठिपक्यांचे चित्रच साठवीत असल्यामुळे प्रत्येक आकार, प्रत्येक ठळकपणा म्हणजे वेगळा फॉन्ट आणि वेगळी जागा. जागा संपली की यंत्राच्या पट्टीवर 20 हा आकडा उमटे. त्याचा अर्थ, स्मृती भरली. तुमच्यापैकी कोणी त्या काळी डी.टी.पी.च्या दुकानात बसलेले असेल तर हा आकडा त्यांना आठवेल.

आणि वेळ? 9,600 च्या वेगाच्या सिरियल केबलमधून सेकंदाला हजाराच्या आतबाहेर बाइट जात. म्हणजे मजकुराच्या एका फॉन्टला मिनिटभर, मथळ्याच्या फॉन्टला चार मिनिटांच्या वर. प्रत्येक कामासोबत फॉन्ट पुन्हा पाठवायचे म्हटले तर दिवस त्यातच जाईल. ह्यावर तोड म्हणून प्रिंटरच्या भाषेत, जिला पीसीएल म्हणतात, उतरवलेल्या फॉन्टचे दोन वर्ग केले गेले. एक तात्पुरता, दुसरा कायम. प्रत्येक फॉन्टला उतरवताना एक क्रमांक द्यायचा आणि त्या क्रमांकावर शिक्का मारायचा: हा तात्पुरता, हा कायम. काम संपले, यंत्राला 'पूर्ववत हो' अशी आज्ञा गेली, की तात्पुरते सगळे पुसले जातात. कायम ते पुढच्या कामासाठी राहतात. पण कायम म्हणजे किती? वीज जाईपर्यंत! कंपनीच्या कारकुनीत कायम ह्या शब्दाचा असा अर्थ होतो हे आपल्याकडच्या हंगामी शिक्षकांना आणि रोजंदारीवरच्या सफाई कामगारांना वेगळे समजावून सांगायला नको.

आता त्या रात्रीचे कोडे सुटते. दुकानातल्या मुलाने सकाळीच मराठी फॉन्ट 'कायम' म्हणून उतरवून ठेवले होते, आणि संगणकातल्या प्रणालीत नोंद केली होती की हे फॉन्ट प्रिंटरात आहेत, पुन्हा पाठवू नयेत. वीज गेली तेव्हा संगणक बॅटरीवर होता, म्हणून त्याची आठवण शाबूत राहिली. लेसर प्रिंटर मात्र अशा बॅटरीवर सहसा लावत नाहीत, कारण शाई भाजून कागदावर पक्की करणारा त्याचा रूळ तापताना एकदम फार वीज ओढतो. तो थेट भिंतीवरच्या जोडणीवर होता आणि त्याची पाटी कोरी झाली. पुढे संगणक म्हणत राहिला, 'अमुक फॉन्टातली अमुक क्रमांकाची अक्षरे छाप', आणि प्रिंटरला तो फॉन्ट सापडेना. सापडेना तर त्याने तसे सांगावे की नाही? पण ह्या यंत्रांची रीत अशी की फॉन्ट नसेल तर जवळात जवळचा रहिवासी फॉन्ट घ्यायचा आणि काम उरकायचे. रहिवासी सगळे रोमन. म्हणून मराठीच्या जागी कूरियर.

पण मग मराठी शब्दांच्या जागी रोमन अक्षरेच का उमटावीत? कारण त्या काळचे आपले फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागा बळकावून बसवलेले होते. यंत्राच्या लेखी मराठी नावाची गोष्टच नव्हती. जागा 256, आणि त्यांतल्या नेहमीच्या जागांवर इंग्रजी अक्षरे. आपल्याकडच्या फॉन्टकारांनी तेथे देवनागरीचे तुकडे बसवले. उदाहरणार्थ कृतिदेव ह्या फॉन्टात इंग्रजी डीच्या जागी 'क' आहे, केच्या जागी काना, आणि ईच्या जागी 'म'. म्हणजे 'काम' हा शब्द संगणकाने डी, के, ई असाच साठवलेला असतो. फॉन्टचा झगा अंगावर असेपर्यंत तो 'काम' दिसतो, झगा काढला की डी-के-ई. बरे, दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टात 'क'ची जागा वेगळीच. ह्याला जुगाड म्हणून हसू नये. दुसरा मार्ग नव्हता, आणि ह्याच जुगाडावर मराठीतली असंख्य नियतकालिके निघाली. मात्र त्याची किंमत काय होती तेही सांगितले पाहिजे, आणि ते पुढे येईल.

लेसरजेटच्या शेजारी दुसरे एक घराणे आहे. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की ह्यांनी 1982 साली काढलेल्या ॲडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा, आणि ती बोलणारा ॲपल कंपनीचा 1985 सालचा लेसररायटर. किंमत 6,995 डॉलर. स्मृती दीड मेगाबाइट. पोटात 13 फॉन्ट: टाइम्स, हेल्व्हेटिका आणि कूरियर ह्यांचे प्रत्येकी चार, शिवाय चिन्हांचा एक. पुढच्या वर्षी लेसररायटर प्लसमध्ये त्यांचे 35 झाले. ह्या 35 मध्ये ग्रीक अक्षरे आहेत, गणिताची चिन्हे आहेत, कात्री, चांदण्या आणि बोट दाखवणारा हातही आहे. देवनागरी नाही. अमेरिकेतल्या कचेऱ्यांसाठी केलेल्या यंत्रात ती का असावी, असे कोणी विचारील. ते एका अर्थी बरोबरही आहे. पण तेच यंत्र जगभर गेले आणि त्याचे रहिवासी तेच राहिले.

पोस्टस्क्रिप्टचे वैशिष्ट्य असे की ती ठिपक्यांचे चित्र साठवत नाही; अक्षराच्या कडेची रेघ कशी वळते त्याचे वर्णन साठवते. एकाच वर्णनातून 8 पॉइंटचेही अक्षर निघते आणि 80 पॉइंटचेही. जागेचा प्रश्न ह्यामुळे पुष्कळ हलका झाला. परंतु वर्णनावरून ठिपके काढणे हे कष्टाचे काम. म्हणून यंत्र एक युक्ती करते. 'क' पहिल्यांदा लागला की त्याचे ठिपके काढून एका राखीव कप्प्यात ठेवते. त्याच आकाराचा 'क' पुन्हा आला की तयार चित्र उचलते. कप्पा भरला की काही चित्रे टाकून नव्यांना जागा करते. पहिले पान सावकाश आणि पुढची भराभर निघतात ह्यामागे जी कारणे आहेत त्यांपैकी हे एक.

ह्या कप्प्यातही एक गंमत आहे. कोणते चित्र कोणत्या फॉन्टचे, हे ओळखायला फॉन्टच्या अंगावर एक ओळखक्रमांक असतो. दोन वेगळ्या फॉन्टांवर चुकून एकच क्रमांक पडला तर यंत्राची फसगत होते आणि एका फॉन्टच्या ओळीत दुसऱ्याच फॉन्टचे अक्षर येऊन बसते. जुन्या फॉन्टची नक्कल करून नवा तयार करताना क्रमांक बदलायचा राहिला की असे होते. मुद्रितशोधकाने कितीही डोळे फोडले तरी ही चूक संहितेत सापडायची नाही, कारण ती संहितेत नसतेच.

मुक्कामाचा प्रश्न पोस्टस्क्रिप्टने वेगळ्या रीतीने सोडवला. प्रत्येक काम सुरू होताना यंत्र आपल्या स्मृतीची अवस्था नोंदवून ठेवते आणि काम संपताच त्या अवस्थेला परत जाते. मध्ये जे जे आत आले, फॉन्ट, चित्रे, व्याख्या, ते सगळे एका फटक्यात नाहीसे होते. एकाच्या कामाचा कचरा दुसऱ्याच्या कामात येऊ नये म्हणून हे चांगले. ज्याला फॉन्ट टिकवायचा आहे त्याने कामाच्या ह्या कुंपणाबाहेर जाऊन तो उतरवावा लागतो, आणि त्यासाठी यंत्राचा परवलीचा शब्द लागतो. कारखान्यातून तो शब्द शून्य हा आकडा म्हणून येई आणि पुष्कळ ठिकाणी तसाच राही. पहिल्या पिढीच्या यंत्रात मधली जागा मोकळी करण्याची दुसरी सोय जवळजवळ नव्हती. लांबलचक पुस्तकात फॉन्टावर फॉन्ट उतरत गेले की मध्येच स्मृती संपे आणि काम कोसळे. शहाणे लोक म्हणून एकेक प्रकरण वेगळे छापत. जुन्या छापखान्यात एकेक फर्मा छापत तसेच. दुसऱ्या पिढीत यंत्र वापरात नसलेली जागा आपण होऊन झाडून घेऊ लागले.

फॉन्ट हीच एक सामग्री आत राहते असे नाही. संस्थेचे शीर्षपत्र, म्हणजे लेटरहेड, एकदा उतरवून ठेवता येते आणि प्रत्येक पानावर त्याला नुसती हाक मारता येते. पीसीएलमध्ये ह्याला मॅक्रो म्हणतात, पोस्टस्क्रिप्टमध्ये फॉर्म. जाळी, रेघा असे भरणीचे नमुनेही ठेवता येतात. ह्या सर्वांनाही तात्पुरते आणि कायम हाच नियम. पुढे एकच यंत्र दोन्ही भाषा बोलू लागले तेव्हा एक नवी भानगड झाली: भाषा बदलली की आधीच्या भाषेतली उतरवलेली सामग्री पुसली जाई. ती जपायची असेल तर यंत्राच्या यादीत 'सामग्री राखा' अशी कळ असते, आणि राखायला तेवढी जास्तीची स्मृतीही लागते.

पाटी पुसली जाते ह्यावर खरा इलाज म्हणजे प्रिंटरलाच कायमची साठवण जोडणे. 1988 सालच्या लेसररायटरच्या एका मोठ्या नमुन्याला बाहेरून हार्ड डिस्क लावता येत असे आणि तिच्यावर उतरवलेले फॉन्ट वीज गेली तरी राहत. यंत्र आधी स्मृतीत पाही, मग डिस्कवर, आणि कोठेच न मिळाले तर पुन्हा कूरियर! पण अशी यंत्रे मोठ्या वृत्तपत्रांच्या कचेरीत. आपल्या पुस्तिका ज्या दुकानांत होत, तेथे रोज सकाळी फॉन्ट उतरवायचे आणि वीज जाऊ नये अशी आशा करायची.

आणखी एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. पोस्टस्क्रिप्टच्या चांगल्या फॉन्टांचा आराखडा ॲडोबीने बरीच वर्षे गुप्त ठेवला होता. लहान आकारातही अक्षर स्वच्छ उमटावे म्हणून त्यात ज्या सूचना असतात, त्या कशा लिहायच्या हे परवानाधारकांनाच ठाऊक. बाकीच्यांनी दुय्यम प्रकारचे फॉन्ट करावेत. ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट ह्यांनी प्रतिस्पर्धी पद्धत आणण्याचे जाहीर केल्यावर मात्र तो आराखडा 1990 साली खुला झाला. ज्ञान कुलपात ठेवणाऱ्याला उपरती होऊन नव्हे, तर बाजार हातचा जाईल ह्या धास्तीने.

आज चित्र पुष्कळ बदलले आहे. 1991 पासून युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या जागा मिळाल्या. 'क' आता डीच्या घरात राहत नाही. 1993 साली आलेल्या पीडीएफने फाइलच्या पोटातच फॉन्ट ठेवण्याची सोय केली. तीही काटकसरीने, म्हणजे जेवढी अक्षरे मजकुरात आहेत तेवढीच. अशा तुकड्याच्या नावामागे सहा रोमन अक्षरांचा शिक्का आणि बेरजेचे चिन्ह असते. घरगुती प्रिंटरांपैकी कित्येकांत तर आता स्वतःची अक्कल नाहीच. संगणक संपूर्ण पानाचे ठिपके करून पाठवतो. परंतु मोठ्या कचेरीतल्या प्रिंटरात 'फॉन्टांची यादी छापा' ही आज्ञा देऊन पाहावी. त्यात पानभर रहिवासी निघतात. त्यांत देवनागरी अजूनही सहसा आढळत नाही. आपली अक्षरे अजून कामागणिक येतात आणि कामासोबत जातात. जोडाक्षरे जुळवण्याचे कामही संगणकातच उरकते. 'क्ष' कसा होतो हे प्रिंटरला कळत नाही, त्याला तयार आकाराचा क्रमांक मिळतो. म्हणून शाळेतून, संस्थेतून काही छापायला पाठवाल तेव्हा पीडीएफ करूनच पाठवा, आणि फाइलच्या माहितीत फॉन्टांपुढे 'अंतर्भूत' अशी खूण आहे ना हे आधी पाहा. काही फॉन्टांत कंपनीने तशी मनाई नोंदवलेली असते, मग तो फॉन्ट फाइलसोबत जातच नाही. अशा फॉन्टात अंक जुळवूच नये असे माझे मत आहे.

कार्यकर्त्यांसाठी आणखी एक. नव्या मोठ्या झेरॉक्स यंत्रांना हार्ड डिस्क असते आणि काही यंत्रे तिच्यावर फॉन्टच नव्हे, तर छापलेली कामेही ठेवतात. मोर्चाचे पत्रक कोणाच्या यंत्रावर काढले आणि त्याची प्रत आत राहिली का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. यंत्र विकताना डिस्क पुसून द्यावी.

आणि आता ती किंमत, जिचा उल्लेख वर राहिला. 1990 च्या दशकातले आपले कितीतरी अंक, आत्मकथनांची हस्तलिखिते, परिषदांची भाषणे फ्लॉपीवर आणि सीडीवर डी-के-ई ह्या रूपात पडून आहेत. ते युनिकोडमध्ये आणता येतात. अक्षरांची जागा बदलून देणारे परिवर्तक उपलब्ध आहेत. पण मूळ फॉन्ट कोणता हे ठाऊक असले तरच, कारण प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. ज्यांच्या घरी अशी सामग्री असेल त्यांनी एवढे करावे: त्या अंकाची छापील प्रत शोधून फाइलसोबत ठेवावी, जुन्या संगणकातली फॉन्टची फाइल जपून नकलून घ्यावी, आणि ज्याने तो अंक टाइप केला त्या मुलाला गाठून फॉन्टचे नाव लेबलावर लिहून घ्यावे. आमच्या त्या पुस्तिकेचे नाव लेबलावर आहे, फॉन्टचे नाही. मी अजून त्या मुलाला शोधतो आहे.